वायरमन परवाना की कॉम्पेक्स?

रिफायनरी, रंगाचा कारखाना, सॉल्व्हंटची गोदामे अशा ठिकाणी विजेचे काम करायचे म्हटले की पोरे हमखास विचारतात, आधी काय काढू, वायरमनचा परवाना की कॉम्पेक्स, म्हणजे स्फोटाचा धोका असलेल्या ठिकाणी विजेचे काम येते याचे प्रमाणपत्र?

आधी परवाना. भारतातल्या विद्युत सुरक्षा नियमांप्रमाणे काम परवानाधारक ठेकेदाराचे हवे, देखरेख सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाची हवी आणि प्रत्यक्ष हात लावणाऱ्याकडे राज्य सरकारने दिलेला किंवा मान्य केलेला परवाना हवा. आयटीआयचे प्रमाणपत्र म्हणजे परवाना नव्हे. इथेच बरेच जण फसतात.

पण हा परवाना घरातल्या वायरिंगलाही तोच आणि स्फोटक वायूच्या क्षेत्रातही तोच. फ्लेमप्रूफ बॉक्स म्हणजे आतला भडका बाहेर जाऊ न देणारी पेटी. तिचा एक बोल्ट राहिला किंवा झाकणाच्या जोडाच्या आतल्या पृष्ठभागावर कुणी हौसेने रंग फासला, तर आतल्या ठिणगीने बाहेरचा वायू पेट घेऊ शकतो. हे ओळखायची नजर नुसत्या परवान्याने येईलच असे नाही.

कॉम्पेक्स नेमके तेच तपासते. ही ब्रिटनमधली योजना. वायूच्या क्षेत्रासाठी एक्स ०१ ते ०४ ही मॉड्यूल्स, पेट घेणाऱ्या धुळीच्या क्षेत्रासाठी ०५ व ०६. परीक्षेत प्रत्यक्ष जोडणी आणि तपासणी करून दाखवावी लागते. प्रमाणपत्र ५ वर्षे चालते, फी मात्र खिशाला जड. भारतीय कायदा ते मागत नाही. आखाती देशांतले तेल-वायू प्रकल्प आणि समुद्रातले प्लॅटफॉर्म पुष्कळदा मागतात.

आखातात जायचे नसेल तर कॉम्पेक्ससाठी कर्ज काढू नका. कंपनी पाठवत असेल तर मात्र सोडू नका.