क्रँक सेन्सर: घरी बदलायचा की गॅरेजात?

इंजिन तापलं की गाडी बंद, गार झाल्यावर पुन्हा चालू, स्कॅनरवर (बिघाडाचे कोड वाचणाऱ्या यंत्रावर) पी०३३५ कोड. मग संशय क्रँक सेन्सरवर, म्हणजे क्रँकशाफ्ट कसा फिरतोय ते इंजिनच्या संगणकाला कळवणाऱ्या सेन्सरवर जातो. बेळगावहून गोव्याला निघालात आणि चोर्ला घाटाच्या वळणावर गाडी थांबली तर जिवाशी खेळ आहे. काम पुढे ढकलू नका.

घरी करायचं तर आधी सेन्सर कुठे बसलाय ते बघा. पुष्कळ गाड्यांत एकच बोल्ट असतो, दहाचा पाना पुरतो. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, इंजिन गार होऊ द्या. जुना सेन्सर पक्कडीने खेचू नका, निम्मा तुटून आत राहतो. हलक्या हाताने डावीकडे-उजवीकडे फिरवत काढा. नव्याच्या ओ-रिंगला (रबरी कडीला) बोटाने इंजिन ऑइल लावा. कपलर, म्हणजे सेन्सरला वायर जोडणारा प्लगही नीट निरखून बघा. खानापूरकडच्या पावसात फिरणाऱ्या गाडीत पिनांवर हिरवट थर चढलेला असू शकतो, नाहीतर उंदरांनी वायर कुरतडलेली असते. मग नवा सेन्सर घालूनही कोड परत येतो.

गॅरेजात मजुरी जाते. पण चांगला मेकॅनिक सेन्सर मागवण्याआधी मीटर लावून वायरिंग तपासतो, आणि काही गाड्यांना बदलानंतर स्कॅनरने री-लर्न, म्हणजे गाडीच्या संगणकाला नव्या सेन्सरची ओळख करून देणं लागतं, तेही तिथेच होतं.

माझं मत विचाराल तर, सेन्सरला वरून हात पोचत असेल तर घरीच बदला. गाडीखाली शिरावं लागत असेल तर सरळ गॅरेज गाठा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली अजिबात जाऊ नका.