सगळे दफ्तरखाने की एकच प्रांत? शोधनिबंधाचा आवाका ठरवताना

प्रादेशिक दफ्तरखान्यांवर शोधनिबंध लिहायचा म्हटलं की दोन शीर्षकं मनात घोळायला लागतात. एक ऐसपैस: 'अठराव्या शतकातील मराठी सत्तेची साधने: पुणे ते हैदराबाद'. दुसरं आटोपशीर: 'जुन्नर प्रांताचे कागद, १७५० ते १७७०'. मी आधी पहिलं धरलं, आठ महिने त्यात घालवले आणि मग दुसऱ्याकडे वळलो. ज्यांना आज हाच निर्णय घ्यायचा आहे त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. प्रत्येकाचा विषय वेगळा असतो, हे अर्थातच गृहीत धरून.

मोठ्या आवाक्याची ओढ खोटी नाही. मराठ्यांचा कागद एका जागी राहिलेलाच नाही. पेशवे दफ्तर पुण्यात, कंपनी सरकारचा पत्रव्यवहार मुंबईला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत, करवीरचे कागद कोल्हापुरात, गायकवाडांचे बडोद्यात, निजामाकडची फारसी कागदपत्रं हैदराबादेत आणि पोर्तुगिजांची गोव्यात. वसईची १७३७ ते ३९ ची मोहीम फक्त पुण्यात बसून लिहिली, तर तटाच्या आतली बाजू हातीच लागत नाही. ज्यांना पोर्तुगीज किंवा फारसी येते, किंवा सोबत तीन-चार जण आहेत, त्यांनी हा आवाका जरूर घ्यावा. असे निबंध हवेच आहेत.

माझी गाडी अडली ती सनावर.

माझा प्रश्न साधा होता: पानिपतानंतर वेगवेगळ्या ठिकाणचा पत्रव्यवहार किती आटला? त्यासाठी मी याद्यांवरून तक्ता करत होतो, दर वर्षाला किती कागद असा. पानिपत झालं १४ जानेवारी १७६१ ला. कागदावर हे वर्ष येतं शुहूर सनात, म्हणजे मराठी दफ्तरात अरबी शब्दांत लिहिल्या जाणाऱ्या सनात, 'इहिदे सित्तैन मया व अलफ', म्हणजे ११६१. हा सन मृगाच्या सुमारास बदलतो, त्यामुळे तो अर्धा १७६० मध्ये आणि अर्धा १७६१ मध्ये पडतो. फसली, म्हणजे महसुलाच्या हिशेबाचा सन, लिहिणारा त्याच वर्षाला ११७० म्हणतो. इथवर काहीच अडचण नाही, हे गणित आपण सगळेच करतो. अडचण यादीत आहे. एका दफ्तरखान्याच्या यादीत शुहूर सनाचं पहिलं इसवी साल घेतलं होतं, दुसऱ्याच्या यादीत दुसरं, आणि दोन्हीकडे मूळ सन गाळलेला. माझ्या तक्त्यात एका ठिकाणी कागद १७६० मध्येच आटले, दुसरीकडे एक वर्ष उशिरा. मला तो शोध वाटला. तीन आठवडे मी त्या फरकाची कारणं लिहीत होतो. मग शंका आली, दोन्हीकडचे मूळ कागद मागवले, चंद्र (म्हणजे हिजरी महिन्याची तारीख) आणि महिना लावून पाहिला, आणि फरक उरलाच नाही.

ही चूक दुरुस्त करता येते, हे मान्य. पण त्यासाठी प्रत्येक कागद हातात घ्यावा लागतो, आणि सहा दफ्तरखान्यांचा प्रत्येक कागद हातात घेणं एका माणसाच्या आवाक्यातलं नाही. एकट्या पेशवे दफ्तरातून गोविंद सखाराम सरदेसाईंनी सहकाऱ्यांसह निवडक कागद छापले, तर त्यांचे ४५ भाग झाले. त्यानंतरही कितीतरी रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, बांधलेलेच राहिले. परवानग्या, अर्ज, वाचनकक्षाच्या वेळा हा त्रास दोन्ही वाटांवर आहे, त्यावर मी फार वजन टाकणार नाही.

जुन्नर प्रांतावर आलो तेव्हा वाटलं होतं की विषय कोता होईल. झालं उलटं. रोज तोच रुमाल सोडायचा, तीच पुडकी, घड्यांत अडकलेली शाई टिपायची वाळू टेबलावर सांडायची. दहा-बारा दिवसांत एका कारकुनाचं वळण ओळखीचं झालं. तो 'र' कसा ओढतो, रकमेची ओळ कुठे मोडतो, हे कळलं, आणि ज्या मोडीला आधी ओळीगणिक भिंग लागायचं ती सरळ वाचता येऊ लागली. पुढे एका हिशेबात मधेच अक्षर बदललेलं दिसलं. तिथून पुढे बाकी ओढण्याची पद्धतही बदलली होती. यादीवरून हे कधीच दिसलं नसतं. निबंधाचा सगळ्यात भक्कम भाग त्याच पानावर उभा आहे.

लहान आवाक्याची एक खरी उणीव सांगायला हवी. परीक्षक विचारतात, एका प्रांतावरून बाकीच्यांना काय कळलं? मला वाटतं, याला उत्तर आहे. प्रांत एकच ठेवावा, पण त्याचा कागद जिथे जिथे गेला तिथे त्याच्या मागे जावं. मी मुंबईला गेलो तो एवढ्याचसाठी, हातात नेमकी नावं आणि वर्षं घेऊन. तिथलं काम चार दिवसांत उरकलं. आधीच्या वाटेवर तिथेच दोन महिने गेले होते.

जुन्या तक्त्यातले दोन रकाने मात्र मी आजही ठेवतो: कागदावरचा सन जसाच्या तसा, आणि शेजारी यादीतलं साल. तुम्ही कोणतीही वाट घ्या, हे दोन रकाने पहिल्याच दिवशी आखून घ्या.