फ्रान्स सावकाश, जपान झपाट्यानं

लोकसंख्येत ६५ वर्षांवरच्यांचा वाटा ७ टक्क्यांवरून १४ टक्क्यांवर जायला फ्रान्सला सव्वाशेच्या आसपास वर्षं लागली. जपाननं तेच अंतर १९७० ते १९९४ या २४ वर्षांत कापलं. म्हणजे फ्रान्समध्ये चार-पाच पिढ्या खपल्या, तर जपानमध्ये नोकरीला लागलेला माणूस निवृत्त होण्याआधीच देश म्हातारा झाला!

फ्रान्समध्ये जन्मदर अठराव्या शतकाच्या अखेरीपासूनच हळूहळू उतरत होता. जपानचं तसं नाही. युद्धानंतर १९४७ ते १९४९ मध्ये दरवर्षी २६ लाखांहून जास्त मुलं जन्मली. १९४८ मध्ये गर्भपाताला कायद्यानं वाट मिळाली आणि दहाएक वर्षांत दर बाईमागे साडेचार मुलांवरून आकडा दोनवर आला. वर आयुर्मान वाढत गेलं. आज तिथे दर दहांत जवळपास तिघे पासष्टीपुढचे आहेत, फ्रान्समध्ये साधारण दोघे.

सवड मिळाली म्हणून फ्रान्सचं सगळं सुरळीत झालं, असंही नाही. २०२३ मध्ये निवृत्तीचं वय ६२ वरून ६४ करायचं ठरलं, तर लाखो लोक रस्त्यावर उतरले. जपाननं मात्र २००० मध्येच वृद्धांच्या देखभालीचा सक्तीचा विमा आणला. चाळिशीपासून हप्ता भरावा लागतो. मला तरी हे जास्त शहाणपणाचं वाटतं.