बीएमएक्स रेसची फ्रेम: आठ महिने चालवून झाल्यावर

गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या जानेवारीतल्या जत्रेच्या, आदल्या आठवड्यात ही बीएमएक्स (मातीच्या उंचवट्यांवर शर्यतीत चालवायची) सायकल जुळवून झाली, आता गणपतीही गेले. तेव्हाच लिहिलं असतं तर नुसतं रंगाचं कौतुक झालं असतं, म्हणून थांबलो.

फ्रेम अ‍ॅल्युमिनियमची, २० इंची चाकांची. कस्टम ड्युटी धरून सेकंडहँड स्कूटीच्या भावात पडली. घरी हा आकडा अजून कोणाला सांगितलेला नाही.

आधी साइझ. माझी उंची पाच फूट सहा इंच. पुण्यातला मित्र म्हणाला, "प्रो एक्सएलच घे, सगळे तेच घेतात." सुदैवाने त्याचीच चालवून बघितली. तिची टॉप ट्यूब, म्हणजे सीट ते हँडलमधली वरची नळी, २१ इंच, प्रोची साडेवीस. कागदावर अर्धा इंच म्हणजे काय, काहीच नाही. पण उंचवट्यावर पुढचं चाक उचलायला हँडल ओढलं तर हात आधीच पूर्ण ताणलेले, ओढायला जागाच उरली नव्हती. प्रो घेतली, ५३ मिलीमीटरचा स्टेम (हँडल धरणारा तुकडा) लावला, नीट बसली. कंपनीगणिक 'प्रो'चं माप थोडं सरकतं, तेव्हा नावावर जाऊ नका, टॉप ट्यूबचा आकडा बघा.

वजन आणि रंग मी नंतर बघितले. आधी बघितलं ते मागचं अ‍ॅक्सल आणि बीबी (पेडलच्या दांड्याचं फ्रेममध्ये बसणारं बेअरिंग). २० मिलीमीटरचं थ्रू-अ‍ॅक्सल (हबमधून आरपार जाणारी जाड दांडी) कडक असतं, जोर लावला की चाक वळवळत नाही, हे मान्य. पण तसा हब बिघडला तर सोलापुरात कुठे शोधू? १० मिलीमीटरच्या नटवाल्या अ‍ॅक्सलला १५ नंबरचा पाना लागतो, आणि तो प्रत्येक सायकल दुकानात खिळ्याला टांगलेला असतो. बीबीही आट्यांचीच घेतली. प्रेस-फिट (बिनआट्यांची, दाबून बसवायची) बसवायला दाबयंत्र लागतं, आणि इथे त्याऐवजी लाकडी ठोकळा आणि हातोडा पुढे येतो.

विकणाऱ्याने मात्र हेडसेट (हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंगं) चुकीचा पाठवला. फ्रेम टेपर्ड, म्हणजे खालचं बेअरिंग दीड इंचाच्या फोर्कचं, आणि डब्यात दोन्ही बेअरिंग सव्वा इंचाच्या आतली. बदलून यायला तीन आठवडे. फोन केला की "आज निघतंय सर."

बीबी बसवताना मी शहाणपणा केला. उजवा कप घड्याळाच्या दिशेने फिरवत होतो, जात नव्हता, म्हणून पाना लावायला निघालो. आमचे सायकलवाले मामा ओरडले, "ओ मालक, ठेवा तो पाना! उजवीकडं उलटे आटे असतात." अ‍ॅल्युमिनियमचे आटे एकदा गेले की गेलेच. मग हाताने उलटा फिरवला, तर लोण्यासारखा आत गेला.

ब्रेकची केबल फ्रेमच्या आतून जाते. ती काही केल्या दुसऱ्या भोकातून बाहेर येईना. वडिलांची सगळी हयात लूमवर गेली. त्यांनी सुताचा धागा एका भोकात सोडला, दुसऱ्या भोकाला मला व्हॅक्यूम क्लीनर धरायला लावला. धागा सुळकन बाहेर. एक धागा कच्चा म्हणून त्याला दुसरा जोडला, विणकरी गाठ मारून. ती गाठ इतकी चपटी की बोट फिरवलं तरी लागत नाही, त्यामुळे भोकाच्या कडेला अडकली नाही. मागून केबल ओढून घेतली. दोन दिवस मी अडकलो होतो, त्यांना चहा गार व्हायच्या आत जमलं.

आता चालवण्याबद्दल. सोलापुरात ट्रॅक नाही. जुळे सोलापूरच्या पलीकडे मित्राच्या प्लॉटवर मुरूम टाकून आम्ही उंचवटे केलेत. खऱ्या ट्रॅकवर पाचेक मीटरच्या टेकाडावरून, सुपरक्रॉस (मोठ्या ट्रॅकची शर्यत) असेल तर आठ मीटरच्या, आठ जण एकदम सुटतात आणि तीनशे-चारशे मीटरचा खेळ चाळीसेक सेकंदांत खलास. ४४-१६ (पुढे ४४ दात, मागे १६) हा गिअर तिथला. पेडलच्या एका फेऱ्यात सायकल चार मीटरच्या वर जाते. आमच्या टेकाडावरून निघताना तो जड पडायचा, मांड्या भरून यायच्या. मागे १७ दातांचं कॉग (दातेरी चाक) टाकलं. एक दात वाढला की चाक साधारण तीन मिलीमीटर पुढे सरकवावं लागतं. माझ्या ड्रॉपआउटमध्ये (मागचं चाक बसतं त्या खाचेत) तेवढी जागा होती, साखळी बदलावी लागली नाही.

एप्रिलमध्ये मात्र फजिती झाली. सुटायचं गेट पडलं, मी उभा राहून जोर लावला आणि मागचं चाक उजव्या बाजूने पुढे सरकून टायर थेट डाव्या चेनस्टेला (चाकाशेजारच्या फ्रेमच्या नळीला) घासलं. नट नीट आवळलेला नव्हता, चूक माझीच. रंग खरवडून धातू दिसतोय. तेव्हापासून चेन टेन्शनर लावलेत आणि निघायच्या आधी पाना फिरवल्याशिवाय बसत नाही.

उन्हाळ्यात हवेचंही बघावं लागतं. सकाळी ८० पीएसआय भरलेलं दुपारी उन्हात पाचेकने चढतं, म्हणून मी ७५ वरच थांबतो. पावसात तर प्लॉटपर्यंतच्या काळ्या मातीने टायर आणि फ्रेमच्या मधली सगळी जागा भरते, चाक फिरतच नाही. रेसच्या फ्रेममध्ये तिथे बोटभरही मोकळं नसतं. जून ते ऑगस्टमध्ये मिळून सहा वेळा काढली असेल.

बीबीचा अजून आवाज नाही. रंगाचा दर्जा मात्र किमतीच्या मानाने भिकार, खडा लागला की टवका. आणि पावसाने ती आतली केबल जाम झालीय, ब्रेक सोडला तरी पॅड रिमला चिकटून राहतात. रविवारी बदलायचीय. वडिलांनी सूत काढून ठेवलंय.