खालचं पटांगण की वरचं पोडियम?

मुंबईत घर बघणारा माणूस कार्पेट एरिया इंचाइंचाने मोजतो आणि बाहेरची मोकळी जागा माहितीपत्रकातल्या चित्रावर सोडून देतो. पंतनगर, कन्नमवार नगर, टिळक नगर अशा म्हाडा वसाहतीतलं जुनं घर घ्यावं की त्याच भागातला नवा टॉवर, असा प्रश्न असेल, तर रविवारी संध्याकाळी दोन्हीकडे तासभर बसून या. टॉवरचा वॉचमन बसू देईल तर.

वसाहतीत दोन इमारतींमधली जागा वापरायला कुणाला विचारावं लागत नाही. सकाळी पेपरवाले आजोबा, मे महिन्यात कुरडयांचं वाळवण, संध्याकाळी अंडरआर्म क्रिकेट, त्यातही ‘पहिल्या मजल्यावर थेट गेला की आउट’ असे तिथलेच नियम. हळद असो वा गणपतीचा मंडप, जागा तीच. भांडणंही रोजची, पण ती खालीच मिटतात. खरी अडचण गाड्यांची. या वसाहती बांधल्या तेव्हा दारात गाडी असेल असं कुणी धरलंच नव्हतं; आता बाइक आणि कार मिळून दरवर्षी खेळपट्टी थोडी आत ढकलतात. शिवाय अनेक इमारतींना लिफ्ट नाही. पटांगण समोर दिसत असूनही चौथ्या मजल्यावरच्या आजी खिडकीतच.

टॉवरचं पोडियम म्हणजे पार्किंगच्या मजल्यांवरच्या स्लॅबवर केलेली मोकळी जागा. तिथे गाडी येत नाही, ही त्याची मोठी जमेची बाजू. लिफ्टने उतरा, लहान मूल मोकळं सोडा. पण स्लॅबवर मातीचा थर पातळ, त्यामुळे वड-पिंपळाची सावली विसरा. एप्रिलच्या दुपारी तिथे थांबवत नाही. चेंडू आणायचा नाही, ठरलेल्या वेळेनंतर थांबायचं नाही, कार्यक्रमाला कमिटीकडे अर्ज आणि डिपॉझिट. काही ठिकाणी घरकामाला येणाऱ्या बाईंनी बाकावर बसलेलंही चालत नाही. तुम्ही वापरा वा न वापरा, मेंटेनन्स येतोच.

घरात तीन-चार वर्षांचं मूल किंवा गुडघे धरलेले आईवडील असतील तर मी टॉवर घेईन. मुलं दहा-बारा वर्षांची असतील तर वसाहत, बेलाशक.

मात्र वसाहत पुनर्विकासाला निघाली असेल, तर आज दिसणारं पटांगण उद्या इमारतीखाली जाऊ शकतं. मंजूर नकाशात आरजी, म्हणजे मनोरंजनासाठी राखलेली जागा, जमिनीवर किती आणि पोडियमवर किती ते बघा. किमान आरजी जमिनीवरच हवं, पोडियमची बाग त्याच्या बदल्यात चालणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१३ मध्ये सांगितलं होतं. त्यानंतर मुंबईची नियमावली बदलली, म्हणून तोंडी शब्दावर जाऊ नका. आणि बिल्डर उघड्यावरचं पार्किंग वेगळं विकत असेल, तर सर्वोच्च न्यायालयाच्याच २०१० च्या निकालाची आठवण करून द्या: ती जागा सोसायटीची, त्याला विकता येत नाही.