षटकोनी गोधडी मशीनवर: अख्खा तुकडा घ्यावा की अर्धा?

मधे एक षटकोन, भोवती सहा, त्यांच्याभोवती बारा. असं एकोणीस तुकड्यांचं फूल असलेल्या जुन्या परदेशी गोधड्यांचे फोटो पाहून गावातल्या दोघी-तिघींनी मला विचारलं, की हे आपल्या पायमशीनवर होईल का? होतं. पण कापायला बसण्याआधी एक गोष्ट ठरवावी लागते, कारण एकदा कापड कापलं की मग बदलता येत नाही.

ही नक्षी अमेरिकेत १९२० ते १९४० च्या काळात फार लोकप्रिय होती, 'आजीची फुलबाग' अशा अर्थाच्या नावाने. तिथल्या बायका ती बहुतेक हातानेच शिवायच्या. कागदाच्या षटकोनावर कापड दुमडून कच्चा टाका घालायचा, मग दोन तुकड्यांच्या कडा बारीक टाक्यांनी जोडायच्या आणि शेवटी कागद काढून घ्यायचे. अर्धवट राहिलेल्या जुन्या गोधड्यांमध्ये पत्रांचे आणि वह्यांचे कागद अजून तसेच सापडतात. हातकाम सुंदर होतं यात शंका नाही. पण आपल्याकडे दिवाळीपासून कापसाची वेचणी सुरू झाली की बोंडांच्या टोकांनी बोटं फाटतात आणि त्या बोटांना मऊ कापड अडकतं. ज्यांचे उन्हाळ्याचे दोन महिने खरंच मोकळे आहेत त्यांनी हाताने करावं.

मशीनवर दोन वाटा आहेत. मी दोन्ही करून पाहिल्या.

पहिली अख्ख्या षटकोनाची. तीन इंच बाजूचा षटकोन धरला तर पाच फूट बाय साडेसात फुटांच्या गोधडीला साधारण २३० तुकडे लागतात. (एक इंच बाजू घ्याल तर दोन हजारांवर जातात, त्या नादी लागू नका.) तुकडे कमी वाटतात, पण अडचण कोपऱ्यांत आहे. तीन तुकडे जिथे भेटतात तिथे शिलाई कडेच्या दोन सूत (म्हणजे पाव इंच) अलीकडे थांबवायची, सुई कापडात खुपसलेली ठेवायची, मशीनचा फूट (कापड दाबून धरणारा पाय) उचलायचा, कापड वळवायचं, खालची घडी बाजूला सारायची आणि मग पुढे जायचं. एका गोधडीत असे साडेचारशेच्या आसपास कोपरे येतात. एक टाका जास्त गेला की तिथे चुणी पडते. माझ्या सासूबाई शेजारी बसून विचारायच्या, "काहून अडली वं?" आणि मी उसवत असायची.

दुसरी वाट अर्ध्याची. षटकोन एका टोकापासून समोरच्या टोकापर्यंत मधोमध कापला असं समजा, म्हणजे वर अरुंद, खाली रुंद असा तुकडा मिळतो. हे तुकडे एक उलटा, एक सुलटा असे लावून लांब ओळ शिवायची, मग ओळी एकमेकींना जोडायच्या. सगळी शिलाई सरळ, कोपऱ्यावर एकदाही थांबायचं नाही. याच मापाला कापडाच्या पट्ट्या तीन इंच एक सूत रुंदीच्या फाडायच्या, त्यात दोन्हीकडची दोन-दोन सूत शिवण धरलेली आहे. लग्नपत्रिकेच्या जाड पुठ्ठ्याचा साचा करून पट्टीवर उलटसुलट ठेवत कापलं की वाया जवळजवळ काही जात नाही. तुकडे दुप्पट होतात, सुमारे पस्तीस ओळी आणि एका ओळीत तेराच्या आसपास, पण हात भराभर चालतो.

याची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. प्रत्येक षटकोनाच्या मधून एक शिवण जाते. फुलाफुलांच्या छापील कापडात ती लपते, साध्या रंगात स्पष्ट दिसते. आणि फूल जुळायचं तर दोन अर्धे दोन वेगळ्या ओळींत येतात, म्हणून शिवण्याआधी सगळे तुकडे ओसरीवर मांडून बघावेच लागतात. मी प्रत्येक ओळ डावीकडून उचलून दोऱ्यात ओवली आणि पहिल्या तुकड्यावर खडूने आकडा घातला. एवढं केलं नाही तर पोरं नि कोंबड्या सगळा हिशेब मोडतात.

कापड जुन्या सुती लुगड्याचं असेल तर दोन्ही वाटांनी आधी खळ देऊन इस्त्री करा. नाहीतर तिरप्या कडा ताणल्या जातात आणि ओळी लांबट-आखूड निघतात. नवं कापड एकदा धुऊनच कापायला घ्या. सिंथेटिक साडीचं कापड घसरतं, ते वरच्या थराला वापरूच नका.

अंगावर घ्यायची, दरवर्षी धुवायची मोठी गोधडी असेल तर मी अर्ध्याचीच वाट सांगेन. पण आजीच्या लुगड्याचा एकच तुकडा शिल्लक असेल आणि त्यातलं काठाचं फूल बरोबर मधे यायला हवं असेल, तर त्यातून शिवण नेऊ नका, माझं मन तरी धजत नाही. अशा वेळी अख्ख्या सात षटकोनांचं एक फूल करा. त्यात कोपरे फक्त सहा. कडा आत दुमडून ते साध्या सुती कापडावर ठिगळासारखं लावा. तीन इंची षटकोनांचं असं फूल सोळा इंचांत बसतं, म्हणजे मीटरभर चौकोनी दुपट्यावर चार फुलं येतात. लेकीच्या बाळासाठी मी तेच केलं, आत सासूबाईंच्या जुन्या पातळाचे दोन थर घातले आणि वरून हाताने धावदोरा मारला.