‘संशोधनसिद्ध’ चूर्णात निघाली कारखान्यातली गोळी

मधुमेहावर झाडपाला विकणारे आता शोधनिबंधाच्या छापील प्रती घेऊन येतात. आमच्या बाबांना असंच गाठलं आणि ते मरता मरता वाचले. दुसऱ्या कुणाच्या घरी हे होऊ नये म्हणून लिहितेय.

बाबांना टाइप-२ मधुमेह, औषध फक्त मेटफॉर्मिन. विक्रेत्याने दिलेल्या चूर्णाच्या डब्यावर मधुनाशिनी, कारलं, मेथी, जांभूळबी, विजयसार अशी नावं होती, प्रमाण एकाचंही नव्हतं. चूर्ण सुरू केलं आणि थोड्याच दिवसांत उपाशीपोटीची साखर भराभर उतरली. विक्रेता म्हणाला, “काका, मशीन खोटं बोलत नाही.”

मशीन खरंच खोटं बोलत नव्हतं. पण ग्लुकोमीटर साखर किती आहे एवढंच सांगतं, ती कशाने उतरली ते सांगत नाही. हा सगळा धंदा त्याच फटीत चालतो.

एका पहाटे बाबा घामाने भिजलेले, हात थरथरतायत, बोलण्याला ताळतंत्र नाही. साखर ३८. रुग्णालयात ग्लुकोज दिल्यावर ती वर आली आणि काही तासांनी पुन्हा घसरली. डॉक्टरांना तिथेच संशय आला. एकट्या मेटफॉर्मिनने साखर सहसा अशी कोसळत नाही, कारण ते स्वादुपिंडाला जादा इन्सुलिन सोडायला लावत नाही. ते काम सल्फोनिलयुरिया गटातल्या गोळ्या करतात, आणि म्हाताऱ्या माणसाच्या शरीरात त्यांचा अंमल बराच वेळ टिकतो. चूर्ण तपासायला पाठवलं. त्यात याच गटातलं ग्लिबेनक्लामाइड निघालं. हे रसायन कुठल्याही पाल्यात नसतं, ते कारखान्यातच बनतं. म्हणजे कुणीतरी जाणूनबुजून मिसळलं होतं.

ही भेसळ नवी नाही. २००८ साली सिंगापूरमध्ये लैंगिक शक्ती वाढवणाऱ्या बनावट गोळ्यांत आणि वनौषधींत हेच रसायन निघालं होतं. मधुमेह नसलेली दीडशे माणसं साखर कोसळून रुग्णालयात गेली, त्यातली चार दगावली.

जाब विचारला तेव्हा विक्रेता म्हणाला, “मेटफॉर्मिनसुद्धा झाडातूनच आलंय.” अर्धं खरं सांगून पुरं खोटं पचवायचं, ते असं. गॅलेगा नावाच्या वनस्पतीतल्या गॅलेजीनवरून ते संशोधन सुरू झालं, हे बरोबर. पण गॅलेजीन विषारी ठरलं. मेटफॉर्मिन हे प्रयोगशाळेत तयार केलेलं त्याच्या जातकुळीतलं वेगळं रसायन, आणि १९५७ मध्ये फ्रेंच डॉक्टर जाँ स्टर्न यांनी ते मधुमेही रुग्णांना देऊन त्याचे निष्कर्ष मांडले. एका गोळीत किती मिलिग्रॅम आहे हे आज पाकिटावर वाचता येतं. आमच्या डब्यावर काय वाचायचं होतं?

तो शोधनिबंध मी नंतर ओळ न् ओळ वाचला. निबंध खरा होता, पण प्रयोग उंदरांवरचा. स्ट्रेप्टोझोटोसिन नावाचं रसायन टोचून त्यांच्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारल्या होत्या आणि मग एकाच वनस्पतीचा अल्कोहोलमध्ये काढलेला अर्क, शरीराच्या वजनानुसार मोजून, दिला होता. डब्यात मात्र अनेक पाल्यांची मिसळ, अर्क नाहीच. उंदरांवरच्या त्या कष्टाच्या कामाला मी नावं ठेवणार नाही, पारंपरिक वनस्पतींची पारख तिथूनच सुरू होते. पण माणसांवर, तुलनेसाठी दुसरा गट ठेवून, साखरेची तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए१सी मोजल्याशिवाय ‘सिद्ध’ म्हणणं ही लबाडी आहे. तो कागद या डब्याबद्दल नव्हताच.

म्हणून असा डबा कुणी पुढे केला तर निबंध मागू नका, त्याच डब्याच्या बॅचचा भेसळ-चाचणी अहवाल मागा. आणि काही दिवसांतच साखर धाडकन उतरली तर आनंद मानण्याआधी डॉक्टरांना चूर्ण दाखवा. माझ्या मते हीच सगळ्यांत मोठी खूण आहे, पाल्याचा गुण इतक्या वेगाने सहसा दिसत नाही.

घरात कुणी असं काही घेत असेल आणि त्याला घाम, थरथर, भ्रम जाणवला, तर तो शुद्धीवर असताना लगेच साखरेचं पाणी द्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट रुग्णालय गाठा आणि डबा सोबत न्या. साखर वर आली म्हणून लगेच घरी परतायची घाई करू नका, ती पुन्हा उतरू शकते.